पंचवीस पोत्यांमागं एक

आमच्या दुकानात कात्री नेहमी डाव्या हाताला असते.
मार्केट यार्डात पूर्ण पट्टी घेतंय कोण?
दोन द्या, चार द्या, कालचीच द्या ती पांढरी.
मी कापते.
कापताना कधी नाव या तुकड्यावर जातं
आणि तारीख त्या तुकड्यावर.
बारीक अक्षरातला इशारा तर कात्रीखालीच मरतो.

अंबादास कुचेकर, भुसार विभाग,
हळदीच्या गाळ्यावरचा.
पहाटे शटर अर्धं वर असतानाच
खालून हात आत घालायचा,
तळहातावर सुट्टे, सगळे पिवळे.
नोटासुद्धा. मी त्या वेगळ्या ठेवायचे,
ओसवालशेठ म्हणायचे, राहू दे, शुभ असतं.

एकदा विचारलं, दिवसाला किती घेता हो?
म्हणाला, पंचवीस पोत्यांमागं एक.
मी हसले.
ते हसू आता दाताखाली खड्यासारखं लागतंय.
सीझनला दोनशे पोती व्हायची.
भागाकार मला येत होता,
डी. फार्मला फर्स्ट क्लास होता मला.

पाठीची माझ्याकडून,
सर्दीची गेटजवळच्या टपरीवरून,
दाढेची बिबवेवाडीच्या डॉक्टरनं लिहिलेली.
तीन रंग, तीन नावं,
पोटात गेल्यावर तिघी एकाच आईच्या.

मग जेवण नको म्हणायला लागला,
भाकरीचाच वास येतो म्हणायचा.
डोळे पिवळे झाले ते कुणाला कळलं नाही.
हळदीच्या गाळ्यावर पांढरे डोळे असतात कुणाचे?
रविवारी ताराक्कानं त्याला चोळून अंघोळ घातली,
दोनदा साबण, मग डाळीचं पीठ,
आणि रंग उतरेना
तेव्हा ती तशीच ओल्या लुगड्यानं
मोरीत बसून राहिली.

ससूनला तरुण डॉक्टरनं पाच वेळा विचारलं,
दारू किती पिता?
पाचव्यांदा अंबादास उठून चालू लागला, सलाईनसकट.
थेंब नाही साहेब, ताराक्का म्हणाली,
गोळ्याच खातोय नुसता.
तेव्हा त्याचं पेन थांबलं.

आपण काळीज म्हणतो ते छातीवर हात ठेवून.
काळजाचा तुकडा, काळजाला घरं.
खाटकाला विचारा,
तो बोट ठेवेल उजवीकडे, बरगडीखाली,
जिथं ते मुकाट्यानं ओझी वाहतं,
आलं पोतं की उचल, आलं की उचल,
आणि खाली बसतं तेव्हाच कळतं
की इतकी वर्षं कुणीतरी उभं होतं.

पोरगा आला, सुमेध, अकरावीतला.
कॅरीबॅगमध्ये कापलेले तुकडे,
फळीवरून, उशीखालून, सदऱ्याच्या खिशांतून गोळा केलेले.
परत घेता का?
कापलेली पट्टी परत घेतली जात नाही,
पाटी माझ्याच अक्षरात आहे.
मी घेतली.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, काउंटरवर तुकडे मांडले,
कडेला कड लावून बघितली.
नाव जुळेना, तारीख जुळेना,
सगळ्यांवर सारखं एवढंच होतं,
माझ्या कात्रीचं तिरकेपण.

वाचला तो.
दिवाळीनंतर आला, सदरा दोन मापं मोठा झालेला.
आता गेटवर पावत्या बघतो.
डोळे पांढरे, मला क्षणभर ओळखूच येईना.
म्हणाला, ताई, गोळी बंद, ते समजलं.
पण पाठ?

मी सवयीनं मागं वळले.
छतापर्यंत खण आहेत.
शेवटी म्हटलं, शेकायची पिशवी आहे, अडीचशेला.
तो हसला. गेटवर पाणी कोण तापवून देणार?
आणि गेला, कमरेवर हात ठेवून, हळूहळू.

त्याच्यामागं रांग होतीच.
दोन द्या, कुणीतरी हात पुढं केला, ती पांढरी.
गुळाच्या गाळ्यावरचा असावा, बोटं चिकट.
कात्री डाव्या हाताला होती.
मी विचारलं,
आज किती पोती?